भीती न वाटणारं भुताचं पुस्तक



माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाने साठवलेल्या खाऊच्या पैशांतून भुताचं पुस्तक विकत घेतलं. स्वतःच्या पैशांनी घेतलेलं पहिलंच पुस्तक. मुखपृष्ठावर पडका वाडा, लाल डोळे, वडाचं झाड. तीन दिवसांनी त्याने ते माझ्या टेबलावर ठेवलं. "बाई, यात भीतीच वाटत नाही हो!" चेहरा एवढासा झालेला. घरी आईने ऐकवलं होतं, "बघ, गेले ना पैसे वाया?" आता हा पोरगा पुन्हा पुस्तक घेईल का, याचीच मला काळजी वाटली.

रात्री मीही ते वाचलं. दुसऱ्याच पानावर भूत हजर! मग पानोपानी 'भयानक', 'भीषण', 'अक्राळविक्राळ' आणि प्रत्येक वाक्यामागे तीन-तीन उद्गारचिन्हं. माणसांना नुसती नावं आहेत. कोण कशाला जपतो, कुणाला काय गमवायची धास्ती आहे, काही कळत नाही. मग त्यांचं काही झालं तर आपल्याला का वाटावं? आणि शेवट? ते सगळं स्वप्न होतं! (दहावीच्या कथालेखनातही हा शेवट हमखास सापडतो. पेपर तपासणाऱ्यांना विचारा.)

मराठीत हा प्रकार काही गरीब नाही. नारायण धारप (1925–2008) यांनी 'समर्थ'सारखा दुष्ट शक्तींशी लढणारा नायक दिला. स्टीफन किंगच्या कल्पना मराठी घरांत आणल्या. रत्नाकर मतकरींच्या (1938–2020) गूढकथा तर बऱ्याचदा साध्या, नेहमीच्या घरात सुरू होतात आणि भीती माणसाच्या मनातून हळूहळू वर येते. याच मतकरींनी 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य लिहिलं. त्यातल्या चेटकिणीला मुलं घाबरतात आणि तिच्यावर हसतातही. मुलांना भीती हवी असते, पण ती नीट हाताळणारा लेखकही हवा असतो.

दुसऱ्या दिवशी तास घेतला. आमचा मानपाडा घोडबंदर रोडवर. पलीकडे येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. मी विचारलं, "बिबट्या आल्याची बातमी पसरली की घरी काय काय होतं?" हात भराभर वर आले. "आई सात वाजताच खिडक्या लावते." "बाबा मला कचरा टाकायला खाली पाठवत नाहीत." एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्या रात्री आमच्या सोसायटीतली कुत्री भुंकलीच नाहीत." वर्ग एकदम चिडीचूप! मी विचारलं, "बिबट्या कसा दिसतो, हे कुणी सांगितलं का?" नाही. तरी काटा आला ना?

मग सगळ्यांना दहा ओळी लिहायला दिल्या. अट एकच: 'भीती', 'भयानक', 'किंचाळी' हे शब्द चालणार नाहीत आणि भूत दाखवायचं नाही. पुष्कळांचं फसलं. तिघांनी रक्त आणलंच! पण आपल्या या पुस्तकवाल्याने लिहिलं: शेजारचे काका-काकू गावी गेलेत, दाराला कुलूप आहे, आणि रोज सकाळी त्यांच्या दाराबाहेरचं पायपुसणं ओलं असतं. बस्, एवढंच. मागच्या बाकावरून आवाज आला, "पुढे काय झालं रे?"

पालकांना एक सांगणं. मतकरी-धारपांचं सगळंच लेखन सातवीच्या मुलांसाठी नाही. आधी स्वतः वाचा, मग एखादी कथा निवडून द्या. काही मुलांना खरंच रात्री झोप लागत नाही, त्यांना "भित्रा" म्हणू नका. आणि पुस्तक आवडलं नाही म्हणून पैसे वाया गेले असं पटकन बोलू नका. कुठे कंटाळा आला, का आला, ते विचारा. मूल बरोबर पान काढून दाखवतं.

त्या मुलाला मी मतकरींची एक कथा वाचायला दिली आहे. त्याने मात्र आपलं जुनं पुस्तकही परत मागून नेलं. म्हणाला, "बाई, पेन्सिलने खुणा करतोय. चौदाव्या पानापर्यंत आलोय."