मिस्वाकची सुन्नत आणि घरातील मुखशुद्धी



दंतवैद्याकडून दात स्वच्छ करून घेतले की आपली जबाबदारी संपली, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः ती तेथून सुरू होते. दंतवैद्य साचलेले कीटण काढून देतो. परंतु जंतूंचा चिकट थर काही तासांतच पुन्हा जमू लागतो. तो रोज निघाला नाही, तर लाळेतील क्षार त्यात बसून पुन्हा कीटण तयार होते. वैद्याची भेट प्रसंगोपात्त असते, आपले कर्तव्य मात्र नित्याचे आहे.

हेच सातत्य सुन्नत शिकविते. बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत नमूद आहे की, समुदायाला कष्ट होण्याची चिंता नसती, तर प्रत्येक नमाजेच्या वेळी मिस्वाकचा आदेश दिला असता, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. घरात येताच ते प्रथम मिस्वाक करीत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी कथन केले आहे. अंतिम समयीही त्यांनी मिस्वाक केली, ती हजरत आयेशा (रजि.) यांनी चावून मऊ करून दिली होती. मग धडधाकट असताना आपण कंटाळा का करावा?

काही बंधू-भगिनी एका अडचणीमुळे थांबतात. दात घासताना रक्त येते आणि वुजू भंगेल अशी भीती वाटते. थुंकीत रक्ताचे प्रमाण अधिक असेल, तर हनफी मतानुसार वुजू भंगतो. कोकणात प्रचलित असलेल्या शाफई मतानुसार भंगत नाही, मात्र तोंड धुणे आवश्यक आहे. यावर उपाय सोपा आहे: दात वुजूपूर्वी घासावेत. घासणे सोडणे हा उपाय नव्हे. हिरड्यांतून येणारे रक्त हे बहुधा त्या सुजल्याचे लक्षण असते आणि ती सूज साचलेल्या थरामुळेच येते. हलक्या हाताने नियमित स्वच्छता ठेवल्यास बहुतेकांचे रक्त एक-दोन आठवड्यांत थांबते. न थांबल्यास दंतवैद्यास अवश्य दाखवावे.

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. फटींतील अन्नकण धाग्याने काढावेत. इतर नमाजांपूर्वी मिस्वाक करावी. तिचे झिजलेले टोक कापून नवे करीत जावे. रमजानमध्ये पेस्टचा वापर सहरीची वेळ संपण्यापूर्वी आणि इफ्तारनंतर करावा. मिश्रीला मात्र दंतमंजन समजू नये. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि मुखाच्या कर्करोगाला निमंत्रण देते.

ज्या मुखाने आपण कुरआनचे पठण करतो, ते अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. आज इशाच्या नमाजेनंतर, झोपण्यापूर्वी, मुलांना सोबत घेऊन ही सवय सुरू करा. अल्लाह आपणा सर्वांना सातत्य प्रदान करो. आमीन.