पंख खाली, पट्टी खाली

जायरोचा रिसिव्हर आणलास हे बरं केलंस. पण बाळा, तो विमानात चिकटवायच्या आधी माझं ऐकून घे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, विमानं मोडून कळलं.

जायरो धक्का सावरतो, चुकलेला तोल सावरत नाही. तेव्हा आधी त्याला बंद ठेवूनच विमान उडव. तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश भागात आला पाहिजे. रिमोटवर ट्रिम द्यावी लागली, तर खाली उतरवून तेवढी पंखाची किंवा शेपटाची हलती पट्टी सर्वोच्या तारेनेच फिरव आणि ट्रिम शून्यावर आण. सर्वोचा दांडा ढिला असेल तर तोही आधी बदल, नाहीतर जायरो त्या ढिलाईशीच झगडत बसेल.

आता जायरोची डबी बसवायची. ती विमानाच्या लांबीशी अगदी सरळ हवी आणि पुस्तकात दाखवली असेल त्याच अंगावर. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी चांगली, पण मे महिन्यात इथे पारा 44 वर जातो. बंद गाडीत तो गोंद पाघळतो, डबी तिरकी होते आणि तिला तेच सरळ वाटतं. दर उड्डाणाआधी बोटाने हलवून बघ. बॅटरी जोडलीस की विमान जमिनीवर ठेवून दे, हात लावू नकोस. त्या काही सेकंदांत जायरो ‘स्थिर म्हणजे काय’ हे ठरवत असतो. थंडीत घरातून पहाटेच्या गारठ्यात आणलंस, तर जोडण्याआधी पाच-दहा मिनिटं बाहेर राहू दे.

आणि आता जे सांगतो ते विसरू नकोस. रिमोटची काडी उजवीकडे नेली, विमान उजवीकडे वळायच्या बेताने पट्ट्या हलल्या, म्हणजे सगळं बरोबर झालं असं मी एकदा धरून चाललो. पण काडीची दिशा वेगळी आणि जायरोची वेगळी. रिमोटमध्ये सर्वो उलटा केला म्हणून जायरो सुलटा होतोच असं नाही. माझं विमान हातातून सुटलं, वाऱ्याने पंख जरा झुकला आणि जायरोने तो सावरायच्या ऐवजी आणखी झुकवला. काडी पूर्ण विरुद्ध दाबेपर्यंत ते सोयाबीनच्या काडात उलटं रुतलं होतं.

म्हणून पुढचा पंखा काढून ठेव, जायरो चालू कर, काडीला हात लावू नकोस आणि विमान हातात धरून झटक्याने हलव. उजवा पंख खाली दाबलास, तर उजवी एलरॉन खाली गेली पाहिजे. शेपूट वर उचललंस, तर एलेव्हेटर वर. शेपूट उजवीकडे ढकललंस, तर रडर उजवीकडे. जिकडे ढकलशील, पट्टी तिकडेच वळली पाहिजे. एकही उलटी गेली तर विमान हवेत सोडायचं नाही.

गेन, म्हणजे जायरो किती जोराने सावरतो ते, कमीवरून सुरू कर. जोरात उडताना शेपूट थरथरायला लागलं, की गेन खाली आण. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच पट्टीचा जोर चौपट होतो, म्हणून सावकाश उडताना बरोबर वाटलेला गेन वेगात फार होतो. जायरो बंद करायचं बटण तुझ्या बोटाजवळच ठेव.

फेलसेफही तपास. रिमोट बंद केला, की मोटर थांबलीच पाहिजे.

जागेचं म्हणशील तर ज्वारीचं रान टाळ. काढणीनंतरची धसकटं फोमच्या पोटात शिरतात. दुधना नदीकडचा मोकळा माळ बरा, तोही पहाटे, वारा उठायच्या आत. उन्हाळ्यात दुपारच्या वावटळीपुढे कुठल्याच जायरोचं चालत नाही. ड्रोन नियम 2021 आपल्या विमानालाही लागू आहेत, तेव्हा डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघ आणि विमान नजरेआड जाऊ देऊ नकोस.

रविवारी उजाडताच ये. मी विमान हलवतो, तू पट्ट्या बघ.