शनी भिंतीवर लावायचा तर खर्च किती?

घरात शनी टांगायचा म्हटल्यावर आजी काय म्हणतील तो भाग वेगळा. अवकाशचित्र घेताना खरे पैसे जातात ते हक्कांचे. कागद, शाई, चौकट हा खर्च त्यामानाने आटोक्यातला असतो.

या क्षेत्रातलं दादा नाव म्हणजे अमेरिकेचे चेस्ली बोनस्टेल. वास्तुविशारदांकडे आराखडे रंगवणं आणि हॉलिवूडसाठी मॅट पेंटिंग, म्हणजे सिनेमातल्या दृश्यांच्या पार्श्वभूमी रंगवणं यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९४४ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्यांची शनीची चित्रं छापली गेली, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणारा त्यांचा शनी आजही अनेकांना हवा असतो. पण मूळ चित्र लिलावातच मिळणार. तिथे बोलीच्या रकमेवर ‘बायर्स प्रीमियम’, म्हणजे खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचं शुल्क चढतं, मोठ्या लिलावगृहांत २० टक्क्यांहून जास्त. वर विमा, कुरिअर, सीमाशुल्क, कार्डाचं परकीय चलन शुल्क. सर्वसामान्यांनी या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. नेटवरून त्यांचं चित्र उतरवून छापणंही बरोबर नाही. कॉपीराइट अजून चालू आहे असंच धरून चाला.

फुकटात उत्तम हवं असेल तर सत्तरच्या दशकातल्या ‘नासा’च्या अंतराळ वसाहती शोधा. डॉन डेव्हिस आणि रिक ग्विडिस यांनी ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रासाठी रंगवलेली ही चित्रं मुक्त वापराची आहेत. महाकाय चाकाच्या आत शेती, घरं, नदी. बघत राहावं अशी. ‘नासा’च्याच जेपीएल या प्रयोगशाळेची ‘व्हिजन्स ऑफ द फ्यूचर’ पोस्टरंही मोफत उतरवता येतात. मात्र ‘नासा’च्या संकेतस्थळावर दिसतं ते सगळंच ‘नासा’चं नसतं, चित्राखालचं श्रेय वाचा. ‘नासा’चं बोधचिन्ह तर वापरूच नका.

छपाईवाले दर चौरस फुटावर सांगतात. २० बाय ३० इंच म्हणजे सव्वाचार फुटांना जरा कमी; दर २०० रुपये निघाला तर साधारण ८३५ रुपये. चौकट आणि काच वेगळी, आणि बहुतेकदा तीच छपाईहून महाग पडते. या आकाराला फाइल ६००० बाय ९००० पिक्सेलची असली तर उत्तम. लांबून बघायचं असेल तर निम्म्यानेही भागतं. लहान फाइल ताणून छापू नका, तारे पिठासारखे फुटतात.

दिवाळी अंकाचं किंवा विज्ञानकथेच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करून घ्यायचं असेल तर भाव ठरवण्याआधी वापर ठरवा. हक्क लिहून घेताना मुदत घातली नाही तर आपल्या कायद्यानुसार ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुढे ई-बुक, दुसरी आवृत्ती किंवा अमेरिकेतल्या वाचकांसाठी विक्री निघाली की पुन्हा पैसे मोजावे लागतील. कच्चं रेखाटन मंजूर झाल्यावर किती दुरुस्त्या फुकट, काम मध्येच रद्द झालं तर किती रक्कम द्यायची, हेही त्याच कागदावर यायला हवं.