ओझं हवेवर असतं

गाडीला मोठे अलॉय बसवायला निघालेल्या माणसाला दुकानात दोन प्रश्न हमखास विचारले जातात: किती इंची हवेत आणि कुठल्या कंपनीचे हवेत. या टायरना किती किलो उचलायचे आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही. फेरफार केलेल्या गाडीसाठी माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे. गाडीचं वजन मुख्यतः रबर पेलत नाही, रबरात कोंडलेली हवा पेलते. चाकाचा बाहेरचा घेर तोच ठेवून रिम मोठी केली की हवेला जागा कमी उरते, आणि कमी हवेने तेवढंच ओझं उचलायचं तर ती जास्त दाबाने भरावी लागते. हे ध्यानात न घेता टायर निवडला की काही महिन्यांत बाजूला फुगा येतो, रिमची कड वाकते, आणि दोष खड्ड्याला देऊन माणूस तसलाच दुसरा टायर विकत घेतो.

आकडे पाहू. मारुती स्विफ्टच्या वरच्या मॉडेलना १८५/६५ आर १५ मापाचे टायर येतात. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. मापापुढे या टायरवर बहुधा ८८ हा आकडा असतो. तो लोड इंडेक्स. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. आता १६ इंची अलॉय घेऊन १९५/५५ आर १६ बसवले तर चाकाचा व्यास जवळजवळ तोच राहतो, ६२१ मिलिमीटर. स्पीडोमीटर बिघडत नाही, दुकानदारही समाधानाने मान हलवतो. पण या मापाच्या साध्या टायरचा इंडेक्स ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. आणखी एक पायरी चढून २०५/४५ आर १७ घेतला तर साध्या टायरला ८४, म्हणजे ५०० किलो. टायर २० मिलिमीटरने रुंद झाला, दिसायला दणकट झाला आणि वजन उचलायची क्षमता मात्र चाकामागे ६० किलोंनी उतरली. बाजूची उंची ९२ मिलिमीटरवर आली. खड्ड्याच्या कडेवर आपटताना रिमला वाचवणारा भाग तेवढाच.

यावर लगेच येणारा आक्षेप असा: चार टायर मिळून २००० किलो झाले, आणि माणसं-सामान भरलेली हॅचबॅक १४०० किलोंच्या आसपास असते, मग अडचण कुठे? बेरीज बरोबर आहे, पण गाडी त्या बेरजेवर चालत नाही. इंडेक्समधले किलो साध्या टायरमध्ये सुमारे ३६ पीएसआय हवा असतानाचे असतात. ३० पीएसआयवर त्याच ५०० किलोंचे साधारण ४३० उरतात. शिवाय वजन चार चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. घाटातल्या वळणावर बाहेरच्या चाकांवर, ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांवर आणि खड्ड्यात एकट्या एका चाकावर ते क्षणभर कितीतरी वाढतं. आणि फेरफार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर अलॉय आणि स्पॉयलर येतात, तरी महाराष्ट्रात सर्वात जास्त दिसणारा फेरफार सीएनजी किटचा आहे. सिलिंडर, ब्रॅकेट आणि बाकी सामान धरून डिकीत ८०-९० किलो कायमचे बसतात, तेही मागच्या दोन चाकांवर. त्यात गणपतीला पाच माणसं आणि सामान घेऊन कोकणात जायचं ठरलं, तर कागदावर ऐसपैस वाटणारी ती शिल्लक झपाट्याने आटते. ‘एरवी मी एकटाच असतो’ हे म्हणणं खरं असेल, पण टायर निवडायचा तो त्या भरलेल्या गाडीसाठी.

जाणकार ग्राहक इथे एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड टायर मागतो. योग्यच आहे. २०५/४५ आर १७ एक्सएल प्रकारात ८८ इंडेक्सचा मिळतो, म्हणजे मूळचे ५६० किलो परत आले. पण अर्धीच गोष्ट कळल्याने जो घोटाळा होतो तो मला सर्वात घातक वाटतो. एक्सएलचे किलो ४२ पीएसआयवर मोजलेले असतात. कंपनीने मूळ टायरसाठी ३३ सांगितली असेल आणि तीच सवयीने एक्सएलमध्ये भरली, तर तो सुमारे ४६० किलोच पेलतो. त्याच ३३ वर जुना १५ इंची टायर ५२० च्या वर पेलत होता. जास्त पैसे मोजून कमी ताकद घेतली, आणि टायरवरचा ८८ पाहून मन निर्धास्त. मूळची बरोबरी साधायला या टायरमध्ये ३८-३९ पीएसआय लागते. दाराच्या खांबावरचं स्टिकर मूळ मापासाठी आहे. माप बदललं की तिथला आकडा आपल्या उपयोगाचा राहत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वोच्च दाबही भरायचा नसतो, ती फक्त मर्यादा असते.

‘एवढी हवा भरली तर उन्हात टायर फुटेल’ ही भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि म्हणून कित्येक जण उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात. होतं नेमकं उलट. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, रबर आणि आतले धागे वाकून-वाकून तापतात आणि उष्णतेने थर सुटू लागतात. गार टायरमध्ये बरोबर भरलेली हवा धावताना चार-पाच पीएसआयने वाढते, ते टायर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या काँक्रीट रस्त्यावर, विदर्भातल्या मे महिन्यात, तासाला १२० च्या वेगाने सलग चालताना कमी हवेच्या टायरला गार व्हायला उसंतच मिळत नाही. म्हणून हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी किंवा जवळच्याच पंपावर तपासावी. तापलेल्या टायरमधून ती कधीही काढू नये.

मोठ्या चाकांच्या बाजूनेही बोलायला हवं. बाजू आखूड झाली की स्टिअरिंगला गाडी चटकन उत्तर देते, कोरड्या रस्त्यावर वळणात ती कमी झुकल्यासारखी वाटते, आणि हा भास नाही. कंपन्या स्वतः वरच्या मॉडेलना मोठी चाकं देतात, हा आक्षेपही रास्त आहे. पण त्या ते कसं करतात हे पाहा. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलचा १६५/८० आर १४ टायर ८५ इंडेक्सचा, म्हणजे ५१५ किलोंचा. वरच्या मॉडेलचा ५६०. रिम एक इंचाने वाढवताना ताकद कमी होऊ दिलेली नाही. आपण हीच अट पाळली तर मोठ्या चाकांना माझा विरोध नाही. पावसात मात्र रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून खोबणी १.६ मिलिमीटर या कायदेशीर किमान खोलीपर्यंत झिजण्याची वाट पाहू नये.

कंपनी ताकदीचा हिशेब धरूनच चाक वाढवते, म्हणून सर्वात निर्धोक वाट मला एकच दिसते: आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जे माप देते, तिथवर जावं. हवेचा आकडा आयता मिळतो आणि कायद्याशीही झगडा होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम ठामपणे उचलून धरलं आहे. सीएनजी किटची नोंद आरसीत हवी, आणि विमा कंपनीलाही ते कळवलेलं हवं.

त्यापुढे जायचंच असेल तर दुकानात जाण्याआधी जुन्या टायरवरचा इंडेक्स लिहून घ्या आणि त्याहून कमी काहीही घेऊ नका, सीएनजी असेल तर एक-दोन आकडे वरचाच बघा. रिमची रुंदी टायरला चालते का ते विचारा. २०५/४५ आर १७ ला साडेसहा ते साडेसात इंच लागते. आयएसआय खूण आणि बनावटीचा आठवडा पाहा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, असा टायर कितीही स्वस्त असो, नको. नव्या मापाला किती पीएसआय लागते ते टायर कंपनीकडून विचारून घ्या आणि दाराच्या खांबावर जुन्या स्टिकरवरच चिकटवा. पंपावर हवा भरणारा मुलगा ‘तेहतीस ना?’ असंच विचारणार आहे.