भार वाहणाऱ्यांचा भार

शास्त्रवाचन : निर्गम 18:13-27, मार्क 6:30-32

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु हे गाव लागते. तेथे सरफोजी राजे भोसले (दुसरे) यांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र आहे. हे राजे मिशनरी श्वार्ट्स यांच्या छायेत वाढले. आपल्या राज्यातील छत्रांविषयी त्यांनी 1801 साली इंग्रजांना पत्र लिहिले. आजारी यात्रेकरूला छत्रात औषध मिळे आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई, असे त्यावरून कळते. अन्नदान, अध्यापन व वैद्यकी यांसाठी निरनिराळी माणसे नेमलेली असत. एकाच्याच खांद्यावर सारा भार नसे.

आजच्या रुग्णालयातील डॉक्टरांकडे पाहा. एका रुग्णाच्या औषधाची मात्रा ठरवीत असता दुसऱ्याचा तपासणी-अहवाल येतो, तिसऱ्याचे नातेवाईक प्रश्न विचारतात, तेवढ्यात अपघात विभागातून बोलावणे येते. हे सारे एकाच मनाला सांभाळावे लागते. त्यात झोप हुकली की लक्ष ढळते आणि चुकीचा संभव वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती आटणे, कामाविषयी मन कोरडे पडणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तेथे तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून ती उद्भवते, असे म्हटले आहे.

मोशेचीही हीच गत झाली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती उभे असत. इथ्रोने त्याला दिलेल्या इशाऱ्यात (18:18) जे मूळ इब्री क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘कोमेजणे’ असा होतो. स्तोत्र 1:3 मधील न कोमेजणाऱ्या पानांसाठी तेच क्रियापद योजिले आहे. शिवाय इथ्रो म्हणतो की, तूही कोमेजशील आणि हे लोकही कोमेजतील. वैद्य थकला तर रुग्णाचीही हानी होते, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

इथ्रोने मोशेला अधिक सोसण्याचा उपदेश केला नाही. काम वाटून देण्याची व्यवस्था सांगितली. आपल्या देशातही वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने 2024 साली शिफारस केली की, निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला 74 तासांपेक्षा अधिक नसावे व एक दिवस सुटी असावी. जेवायलाही सवड नसलेल्या शिष्यांना प्रभू येशूने स्वतः विसाव्यासाठी एकांती नेले. तेव्हा विसावा घेणे हा विश्वासातील उणेपणा नव्हे.

विचारासाठी प्रश्न :

1. आपल्या मंडळीतील डॉक्टरांकडून आपण केवळ सेवेची अपेक्षा करतो, की त्यांची विचारपूसही करतो?

2. आपल्या मिशन रुग्णालयांच्या समित्या कामाचे तास ठरविताना निर्गम 18 आठवतात काय?

इतरांचे भार वाहणाऱ्यांचा भार वाटून घेण्यास प्रभू आपणांस साहाय्य करो.