बैर-शेबात मागे राहिलेला सेवक

शास्त्रपाठ : १ राजे १८:१-१५, १९:१-२१

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीतील शब्बाथशाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी कमिटीच्या सभेत कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. “आता माझ्याच्याने होत नाही. कोणाला काही पडलेली नाही,” एवढेच त्या बोलल्या. आम्ही आभाराचा ठराव लिहिला आणि किल्ली पुढे कोणाकडे द्यावी यावर अर्धा तास बोललो. बाईंना काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही. ती सभा आठवली की एलीयाची ही गोष्ट आम्हांला पुन्हा वाचावीशी वाटते.

१. जिंकल्यावर आलेला थकवा

कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांपुढे एलीया उभा राहिला. अग्नी उतरला, पाऊसही आला. अहाबाच्या पुढे तो यिज्रेलापर्यंत धावत गेला. इतके झाल्यावर ईजबेलीचा एक निरोप आला, आणि तो जीव घेऊन पळाला. आपणही हेच पाहतो. नाताळचा कार्यक्रम उत्तम पार पडतो आणि पुढच्याच आठवड्यात कोणाच्या तरी तिरकस शब्दाने कार्यकर्ता मोडून पडतो. तो शब्द मोठा नसतो; अंगातले बळच संपलेले असते.

२. आधी सोबत सुटली

बैर-शेबा येथे एलीयाने आपल्या सेवकास मागे ठेवले आणि तो एकटाच दिवसभराची वाट चालून रानात गेला. मग रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. हा क्रम ध्यानात ठेवावा : आधी सोबत सुटली, मग आशा सुटली. महाराष्ट्राबाहेरील आपल्या लहान मंडळ्यांत मराठी उपासना चालविणारी घरे थोडीच असतात. जो पेटी वाजवितो तोच हिशेब ठेवतो, आणि आजाऱ्यांच्या भेटीलाही तोच जातो. दुसऱ्यास त्रास नको म्हणून तो मदत मागत नाही, आणि त्याचे चालले आहे असे समजून आपणही विचारीत नाही.

३. चुकलेली मोजणी

आपण एकटेच उरलो, असे एलीया ३ वेळा म्हणाला : एकदा कर्मेलावर (१८:२२) आणि दोनदा होरेबावर (१९:१०, १४). परंतु ओबद्याने १०० संदेष्टे, ५०-५० करून, गुहांत लपविले होते व त्यांना अन्नपाणी पुरविले होते. आणि हे त्याने स्वतः एलीयास सांगितले होते! ऐकलेले असूनही थकलेल्या मनाने ते मोजले नाही. देवाची मोजणी तर ७,००० ची होती.

आमच्या बाईंचे बोलणेही असेच होते. त्यांच्याविषयी आम्हांला आदर होता, पण तो गुहेत लपविलेला होता. लपलेले प्रेम थकलेल्या माणसास दिसत नाही. मनात आलेला कडवटपणा हे पाप म्हणून बोट दाखविण्याआधी आपण आपली गुहा तपासावी.

४. देवाने काय केले?

देवाने आधी उपदेश केला नाही. एलीयास झोपू दिले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे, हे देवदूताने त्याला उठविताना मान्य केले. होरेबावर देवाने एकच प्रश्न दोनदा विचारला व तीच तक्रार दोनदा ऐकून घेतली. मग काम दिले आणि १२ जोड्यांनी नांगरणी चाललेल्या शेतातील अलीशा हा सोबतीही दिला. पुढे शेवटच्या प्रवासात एलीयाने त्याला ३ वेळा मागे राहण्यास सांगितले, तरी अलीशाने त्याची पाठ सोडली नाही (२ राजे २). बैर-शेबात सुटलेली सोबत देवाने अशी भरून दिली.

५. आपण काय करावे?

प्रत्येक वर्गास दोन शिक्षक असावेत. पाळकांस व शिक्षकांस आठवड्यातून एक दिवस खरोखरीची विश्रांती मिळावी. त्यांच्या घरी काम न काढता, केवळ विचारपूस करण्यास जावे. आणि कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर नुसती प्रार्थना करण्यास सांगून परत पाठवू नये. त्याच्याजवळ बसावे व त्याला डॉक्टरांकडेही सोबत न्यावे.

महिन्याभराने आमच्यातील दोघी त्या बाईंच्या घरी जेवणाचा डबा घेऊन गेल्या. बाई पुष्कळ वेळ बोलल्या, रडल्याही. त्या वर्गावर परत आल्या नाहीत. पण रविवारी पुन्हा आपल्या बाकावर दिसू लागल्या, आणि नव्या शिक्षिकेस धडा समजावून देऊ लागल्या. एवढ्यासाठी आम्हांला एक महिना का लागला, याचे उत्तर आम्ही अजून शोधीत आहो.

वर्गात चर्चेसाठी

१) एलीयाने सेवकास मागे ठेवले नसते तर काय झाले असते?
२) आपल्या मंडळीत कोणाच्या हाती एकट्याच्याच किल्ल्या आहेत?
३) या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल? नाव ठरवूनच वर्ग संपवावा.