जयपूरच्या अंगणातील बकुळ

प्रस्तावना

शिक्षार्थी मित्रांनो, बकुळीची फुले तुमच्या परिचयाची असतील. ती वाळून तपकिरी झाली, तरी त्यांचा सुगंध लोपत नाही. म्हणूनच ती पुस्तकाच्या पानांत किंवा कपड्यांच्या पेटीत जपून ठेवतात. कोकणच्या दमट हवेत हा वृक्ष सहज वाढतो. परंतु राजस्थानात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने तो जयपूरच्या अंगणात लावायचे ठरवले, तर काय करावे लागेल? ते या पाठात पाहू.

मूळ पाठ

बकुळ हा चिकूच्या कुळातील सदाहरित वृक्ष आहे. त्याची पाने चकचकीत व किंचित लहरदार कडांची, तर फुले ताऱ्यासारखी आणि दुधी रंगाची असतात. उत्तर भारतात त्याला मौलसिरी म्हणतात. सुंदर स्त्रीने मद्याची चूळ टाकली, की बकुळ फुलतो, असा संस्कृत काव्यात संकेत आहे. कवींचा हा उपाय सोपा. माळ्याला मात्र पहिल्या फुलासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते.

सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या जयपूरचे हवामान टोकाचे आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ‘लू’ नावाचे उष्ण वारे वाहतात. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. वर्षाचा सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जुलै ते सप्टेंबर या काळातच पडतो. मोठा वृक्ष हे सारे सोसतो. कोवळे रोप सोसेलच असे नाही. म्हणून पहिली तीन-चार वर्षे कसोटीची असतात.

रोपासाठी घराच्या पूर्वेची जागा निवडावी. तेथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारच्या झळांना भिंत अडवते. सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. रेताड मातीत पाणी टिकत नाही. शेणखताने ओल धरली जाते. वाळवीसाठी निंबोळी पेंड घालावी. लागवड पावसाच्या आरंभी करावी, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळे स्थिरावतात. आळ्यात वाळलेल्या पानांचे आच्छादन ठेवावे.

थंडीचा खरा धोका निरभ्र, निवांत रात्री असतो. ढगांचे पांघरूण नसल्याने जमिनीतील उष्णता आकाशात निघून जाते. थंडी फार वाढली, तर पानांतील पाणी गोठून पेशी फाटतात. यालाच तेथील शेतकरी ‘पाला पडणे’ म्हणतात. अशा दिवशी रोपाला पाणी द्यावे; ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते. रात्री काठ्यांच्या आधाराने गोणपाट जमिनीपर्यंत सोडावे आणि सकाळी काढावे. पावसाळा सरल्यावर मात्र नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने फुटणारी कोवळी पालवी थंडीला प्रथम बळी पडते.

इतके करूनही एखाद्या सकाळी पाने काळवंडलेली दिसतात. रोप मेले असे समजून अनेकजण ते उपटून टाकतात आणि तेथेच मोठी चूक होते. खोडाची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत हिरवा रंग दिसला, तर रोप जिवंत आहे. करपलेल्या फांद्याही लगेच छाटू नयेत. त्या खालच्या डोळ्यांना आडोसा देतात. फाल्गुनात ऊब वाढली, की नवे कोंब कोठून फुटतात ते पाहूनच छाटणी करावी.

बकुळ सावकाश वाढतो. पण एकदा स्थिरावला, की तो पिढ्यान्‌पिढ्या सावली देतो आणि पहाटे अंगणात फुलांचा सडा घालतो. ज्याने पहिल्या हिवाळ्यात गोणपाट पांघरले, त्याची नातवंडे ती फुले वेचतात.

पाठावर आधारित प्रश्न

१. रोप घराच्या पूर्वेला का लावावे?
२. निरभ्र रात्री थंडीचा धोका का वाढतो?
३. काळवंडलेले रोप जिवंत आहे, हे कसे ओळखाल?
४. तुमच्या परिसरातील एका वृक्षाची निगा कशी राखली जाते, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.